पोमेरानियाचा जमीनदार, कोलोनचा रेडिओ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बिस्मार्क म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. जर्मनीचं एकीकरण, ‘रक्त आणि लोखंड’, टोकदार शिरस्त्राण घातलेला तो मिशाळ चेहरा. आज मी ज्या बिस्मार्कबद्दल बोलणार आहे, ते याच घराण्यातले. त्या पोलादी चॅन्सेलरच्या भावाच्या वंशातले. नाव क्लाउस फॉन बिस्मार्क. हिटलरच्या सैन्यात अधिकारी होते, मोठी पदकं मिळवलेले अधिकारी. आणि याच गृहस्थांनी पुढे पंधरा वर्षं पश्चिम जर्मनीतलं सर्वांत मोठं प्रसारण केंद्र चालवलं. हे कसं घडलं, आणि घडायला हवं होतं का, असे दोन्ही प्रश्न मला पडतात.

त्यांचा जन्म १९१२चा, पोमेरानियातल्या जार्ख्लिन या गावी. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. घरी मोठी जमीनदारी, आणि क्लाउस यांनी तीच सांभाळावी हे ठरलेलं. युद्ध सुरू झालं तसे ते पायदळात रुजू झाले आणि पूर्व आघाडीवर रशियात लढले. नाइट्स क्रॉस हे मानाचं पदक त्यांना मिळालं, १९४४मध्ये त्यावर ओकच्या पानांचीही भर पडली. लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले.

रशियावर चढाई करताना जर्मन लष्कराला एक कुप्रसिद्ध हुकूम मिळाला होता. लाल सैन्यातले जे राजकीय कमिसार पकडले जातील, त्यांना कैदी म्हणून ठेवायचं नाही, गोळी घालायची. हा हुकूम आपण मानला नाही, असं बिस्मार्क यांनी पुढे सांगितलं. मला ते खोटं वाटत नाही. पण इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. युद्धानंतर जर्मनीत ‘आमचा त्यात हात नव्हता’ म्हणणारे अधिकारी खोऱ्यानं सापडत होते. बिस्मार्क यांचं वेगळेपण त्या नकारात जेवढं आहे, त्याहून जास्त ते त्यांच्या नंतरच्या वागण्यात आहे.

घरात नाझींचा विरोध माहीत नव्हता असंही नाही. त्यांची पत्नी रूथ-आलिस हिची बहीण मारिया हिचं लग्न डीट्रिख बोनहोफर या धर्मशास्त्रज्ञाशी ठरलं होतं. हे बोनहोफर म्हणजे बिस्मार्क यांचे होऊ घातलेले साडूच. हिटलरविरुद्धच्या कटातल्या सहभागाबद्दल त्यांना एप्रिल १९४५मध्ये फाशी देण्यात आलं.

युद्ध संपलं तेव्हा जमीन गेली, घर गेलं, गावच दुसऱ्या देशात गेलं. इंग्रजांच्या ताब्यातल्या भागात फ्लोटो इथं तरुणांसोबत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं एक केंद्र निघालं, ते बिस्मार्क यांनी चालवलं. मग १९४९पासून वेस्टफालियाच्या प्रोटेस्टंट चर्चचं सामाजिक काम. रूरच्या कोळसापट्ट्यातले खाणकामगार आणि व्यवस्थापक यांना एका टेबलाशी बसवायचं, असं हे काम. १९५४मध्ये लाइपत्सिगच्या चर्च मेळाव्यात ते उभे राहिले आणि म्हणाले, की गेलेल्या जमिनी परत मिळतील अशी आशा आपण देवापुढे धरू नये. पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या लाखो जर्मनांच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. त्यांच्यात संतापाची लाट उसळली. दुसऱ्याच्या जमिनीवर पाणी सोडायला सांगणं सोपं असतं. हा माणूस आधी स्वतःच्या जमिनीवर पाणी सोडत होता, हे मात्र विसरून चालणार नाही.

असा माणूस १९६१मध्ये कोलोनच्या ‘वेस्टडॉइचर रुंडफुंक’चा, म्हणजे पश्चिम जर्मन नभोवाणीचा महासंचालक झाला. पत्रकारितेचा अनुभव म्हणावा असा नव्हता. पण त्या वर्षाचं महत्त्व पाहा. युद्धानंतर इंग्रजांनी आपल्या भागात रेडिओची घडी बसवली ती बीबीसीच्या धर्तीवर. ते काम केलं ह्यू कार्लटन ग्रीन यांनी, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे हे बंधू. गोबेल्सच्या हातातला रेडिओ सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून पैसा सरकारकडून नको, श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून यावा. देखरेख मंत्र्यांची नको, मंडळाची असावी. हे शुल्क तिथंही पोस्टच गोळा करी. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना रेडिओच्या परवान्यासाठी पोस्टात लावलेली रांग आठवत असेल! चॅन्सेलर आडेनाउअर यांना ही व्यवस्था खुपत होती. त्यांनी सरकारी दूरचित्रवाणी कंपनी काढली, आणि फेब्रुवारी १९६१मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी बिस्मार्क खुर्चीत बसले.

त्यांच्या काळात ‘मॉनिटर’ हा राजकीय कार्यक्रम सुरू झाला, तिसरी वाहिनी निघाली, दोन्ही १९६५मध्ये. त्याआधी १९६४मध्ये तुर्की कामगारांसाठी तुर्की भाषेतला रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे निव्वळ कळवळा नव्हता बरं का. हे कामगार पूर्वेकडची साम्यवादी केंद्रं ऐकतील ही धास्तीही होती. पण खोलीत एकटं बसलेल्या माणसाला आपल्या भाषेत बातमी मिळाली, हे तर खरंच. १९७१मध्ये मुलांचा ‘उंदरा’चा कार्यक्रम आला, तो जर्मन मुलं अजूनही पाहतात.

मला आवडतो तो १९७३चा ‘स्मॉग’ हा चित्रपट. रूरच्या हवेतला विषारी धूर वाढतो आणि जनजीवन ठप्प होतं, असं बातमीपत्राच्या ढंगात दाखवलेलं. लोकांना ते खरंच वाटलं, घबराट उडाली. कारखान्यांच्या प्रदेशातल्या केंद्रानं कारखान्यांवर असं काही दाखवावं, हे साधं नव्हे. उजव्या पक्षांनी या केंद्राला ‘लाल रेडिओ’ म्हणायला सुरुवात केली. पण सगळंच धीराचं होतं असंही नाही. फासबिंडर यांची कामगारांवरची ‘आठ तास म्हणजे दिवस नव्हे’ ही मालिका १९७२ ते १९७३मध्ये पाच भाग दाखवून थांबली. ठरलेले पुढचे भाग झालेच नाहीत.

१९७६मध्ये त्यांनी हे पद सोडलं. १९७७ ते १९८९ ते गोएथे इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनात त्या वर्षांत जे जर्मन शिकायला जात होते, त्यांच्या त्या संस्थेच्या शिरोभागी हेच गृहस्थ होते. बहुतेकांना ते ठाऊकही नसेल.

मार्च १९९५मध्ये हॅम्बुर्गला एक प्रदर्शन भरलं. विषय होता जर्मन लष्कराचे गुन्हे, १९४१ ते १९४४. तोवर समज असा, की पापं केली ती एसएसनं, लष्कर मात्र स्वच्छ. प्रदर्शनानं नेमका तोच समज मोडला आणि देशभर वादळ उठलं. माजी सैनिक चिडले, निदर्शनं झाली. उद्घाटनाला जे बोलले, त्यांत हे पदकधारी माजी अधिकारी होते, ८३व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी गुन्ह्यांत भाग घेतला, हे त्यांनी तिथं टाळलं नाही.

काही छायाचित्रांच्या ओळी चुकल्याचं इतिहासकारांनी दाखवून दिल्यावर १९९९मध्ये ते प्रदर्शन मागे घ्यावं लागलं. तज्ज्ञांच्या समितीनं चुका मान्य केल्या, मूळ निष्कर्ष मात्र कायम ठेवला, आणि २००१मध्ये ते नव्यानं मांडलं गेलं. बिस्मार्क तोवर राहिले नव्हते. १९९७च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं होतं.