सूत्रधाराचें गाणें : ३१ ऑक्टोबर, १८८० आणि १९७५

थोरांचे स्मृतिदिन तिथीनें पाळावे कीं तारखेनें, हा आपल्याकडील जुना वाद आहे. या वादांतील दोन्ही पक्षांचें समाधान व्हावें असा एक दिवस आपल्या गाण्याच्या इतिहासांत आहे. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, रविवारीं, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक लोकांपुढें आले, आणि ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं मुंबईंत सचिन देव बर्मन यांचें देहावसान झालें. दोहोंमध्यें अंतर पंचाण्णव वर्षांचें. दर एकोणीस वर्षांनीं चंद्रसूर्यांचा मेळ जवळजवळ पूर्वस्थळीं येतो, आणि पंचाण्णव म्हणजे त्याचीं पांच आवर्तनें. तेव्हां दोन्ही वेळीं दिवाळीहि दोन-तीन दिवसांवरच आलेली होती. पण पंचांगाच्या या योगायोगासाठीं मी लेखणी उचललेली नाहीं. पहिल्या दिवशीं सूत्रधाराच्या तोंडचें गाणें पात्राच्या तोंडीं गेलें. आणि दुसऱ्या दिवशीं जो गायक आपणांतून गेला, त्यानें आपल्यापुरतें तरी तें पात्राकडून काढून घेऊन पुन्हां सूत्रधाराला दिलें होतें. हा संबंध कोणी लक्षांत घेतलेला माझ्या पाहण्यांत नाहीं.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून पुढें तीन तपांहून अधिक काळ मराठी नाटकांतील गाणें ही सूत्रधाराची मिरास होती. तो आपल्या साथीदारांसह पदें म्हणे. पात्रें येत, प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करीत, आणि जात. रामानें शोक करावयाचा, पण त्या शोकाचें पद गावयाचें सूत्रधारानें! आजच्या वाचकाला हें विचित्र वाटेल. वर्गांत ग्रीक शोकांतिका शिकवितांना ‘कोरस’ म्हणजे काय हें समजावून देण्याची वेळ आली, म्हणजे मी भाव्यांचाच सूत्रधार पुढें करीत असें, आणि मुलांना तो चटकन् पटे. सुखदुःख ज्याचें त्याचें असतें, पण तें सांगावयास कोणी तिऱ्हाईत लागतो, ही समजूत आपल्या कीर्तनाच्या फडांतहि मुरलेलीच आहे.

अण्णासाहेब हे महसूल कमिशनरांच्या कचेरींतील नोकर. १८८० सालीं पुण्यास एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ त्यांनीं पाहिला, आणि असें कांहीं मराठींत कां होऊं नये या ईर्ष्येनें त्यांनीं कालिदास हातीं घेतला. नाटकांत पदें घातलीं तीं दोनशेंच्या आसपास. चाली कोठून आणल्या? कीर्तनांतून, लावणींतून, साकी-दिंडींतून आणि कानडी मुलुखांतून. जें लोकांच्या कानांत आधींच होतें तेंच त्यांनीं घेतलें. नवें होतें तें एवढेंच कीं, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांसारखे खरे गाणारे नट त्यांना मिळाले, आणि ज्याचें दुःख त्यानेंच गावें अशी सोय झाली. त्या रात्रीचा खेळ चार अंकांवर थांबला, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. जन्मभर वैराग्य पाळलेला कण्व कन्येला निरोप देतांना गहिवरतो. आणि हा गहिंवर आतां सूत्रधाराच्या मध्यस्थीवांचून थेट प्रेक्षकांपर्यंत गेला. मराठी रंगभूमीवर माणूस स्वतःच्या मनाचा धनी झाला तो येथें, असें मी म्हणेन.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें. त्याच वर्षीं भाऊराव कोल्हटकर मंडळींत आले. आणि जें मोकळें झालें तें लौकरच मोकाटहि झालें. ‘वन्स मोअर’च्या गजरांत एकेक पद पुनःपुन्हां म्हटलें जाऊं लागलें, विरहिणी नायिका टाळ्यांच्या मागणीनुसार तीन तीन वेळां विव्हळूं लागली. गाणें पात्राचें झालें होतें खरें, पण पात्राच्या आडून तें नटाचें केव्हां झालें हें कोणालाच कळलें नाहीं. भाऊरावांविषयीं हें लिहितांना मन कचरतें, कारण त्यांचा आवाज आपल्यापैकीं कोणीच ऐकलेला नाहीं. ते १९०१ सालीं वारले, आणि ग्रामोफोनवाल्यांनीं कलकत्त्यास गाणीं उतरून घ्यावयास आरंभ केला तो १९०२ सालीं. एका वर्षाचा फरक! १९०५ सालीं मिरजेस शकुंतला म्हणून उभे राहिलेले बालगंधर्व आपणांस तबकड्यांतून भेटतात. पण आनंदोद्भवांतील त्या रात्रीचा एक स्वरहि उरलेला नाहीं.

बोलपट आला तो किर्लोस्करांचीच वहिवाट घेऊन. १९३१ सालच्या ‘आलम आरा’त जो दिसे तोच गाई, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ंत हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे तर नाटक मंडळ्यांतूनच आलेले. मग १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘धूप छांव’मध्यें पार्श्वगायनाची युक्ति काढली. ओठ एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा. त्याच चित्रपटांत भूमिका करणारे व गाणारे अंध गायक कृष्णचंद्र डे हे सचिन देव बर्मन यांचे गुरु.

बर्मन १९०६ सालीं कोमिल्ला येथें त्रिपुराच्या राजघराण्यांत जन्मले. घराणें राजाचें, पण कान नावाड्यांचा. नद्यांवरील भटियाली गाणीं त्यांच्या अंगांत भिनलेलीं होतीं. १९४४ सालीं ते मुंबईस आले, आणि पुढें तीस वर्षे त्यांनीं दुसऱ्यांच्या कंठांसाठीं चाली बांधल्या. त्या महाराष्ट्रांत किती घरोब्याच्या झाल्या याची एक खूण पुरे : आमच्याच पेशांतील कवि रमेश तेंडुलकर यांनीं आपल्या धाकट्या मुलाचें नांव सचिन ठेविलें तें यांच्यावरून. (तो मुलगा पुढें गायक झाला नाहीं, ही गोष्ट वेगळी.)

पण त्यांचा स्वतःचा आवाज? तो उंच, किंचित् अनुनासिक, आणि दूर पाण्यावरून येणाऱ्या हाकेसारखा होता. असा आवाज कोणा देखण्या नायकाच्या ओठांवर बसविणें शक्य नव्हतें, आणि त्यांनीं तो बसविण्याचा अट्टाहासहि केला नाहीं. ‘बंदिनी’ (१९६३), ‘गाईड’ (१९६५), ‘आराधना’ (१९६९) या तिन्ही चित्रपटांत ते गातात तेव्हां पडद्यावर कोणाचेहि ओठ हलत नाहींत. ‘बंदिनी’चा शेवट आठवावा. धक्क्यावर आगबोट निघण्याच्या बेतांत आहे. इकडे नव्या संसाराचें आश्वासन, तिकडे जुन्या प्रेमाचा रुग्ण धनी. आणि नूतनची कल्याणी मधोमध. ती गात नाहीं. गातो तो कोठें न दिसणारा नावाडी. तिचा निश्चय तिच्या मुखानें बाहेर पडावयाच्या आधीं त्या गाण्यांत होऊन जातो. हीहि एक पाठवणीच. पण येथें कण्व नाहीं, शकुंतलेला स्वतःच निघावयाचें आहे, आणि पदें म्हणावयास पुन्हां सूत्रधार आलेला आहे.

म्हणून कांहीं किर्लोस्करांनीं चूक केली असें होत नाहीं. त्यांनीं दिलें तें दिलें नसतें तर मराठी नाटक चौपाळ्यावरच राहतें. परंतु पात्राला कंठ मिळाला त्या दिवशीं रंगभूमीनें एक गोष्ट गमावली, ती म्हणजे स्वतःच्या दुःखाचें गाणें करतां येत नाहीं अशा माणसाची बाजू. कल्याणी पदर सांवरून आलापी करूं लागती तर आपण टाळ्या दिल्या असत्या, आणि तिच्यावरचा आपला विश्वास उडाला असता. बर्मन यांनीं ही गमावलेली गोष्ट परत आणली. तीहि कांहीं सिद्धांत मांडून नव्हे. बहुधा केवळ आपला आवाज कोठें शोभेल याची अचूक जाण असल्यामुळें.

‘आराधना’तील गीताबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पार्श्वगायक म्हणजे कोणाच्या तरी पाठीमागें राहून गाणारा. आणि येथें तर पुढें कोणीच उभें नव्हतें! समितीच्या हें ध्यानांत आलें असेल काय, याचें मला कुतूहल आहे.

१९७५ सालीं ‘मिली’ चित्रपटाच्या एका गाण्याची तालीम त्यांनीं किशोरकुमारांकडून करवून घेतली, आणि त्यानंतर लौकरच त्यांची शुद्ध हरपली. ती परत आली नाहीं. तें गाणें मात्र चित्रपटांत आलें, आणि आजहि ऐकावयास मिळतें.