तळटीप : सावलीचा नगराध्यक्ष

* सावली (जि. वडोदरा) मराठी वाचकाला ठाऊक असते ती पिलाजीराव गायकवाडांमुळे. 1732 मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला आणि अंत्यसंस्कार सावलीत झाले. गावाचा पुढचा राजकीय इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही, ही उणीव मला खटकते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदा संस्थानातल्या लहान शहरांसाठी ‘विशिष्ट पंचायती’ निघाल्या. 1949 मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. सावलीची आजची नगरपालिका 1963 च्या गुजरात नगरपालिका कायद्याखाली चालते.

लेखकाने इथे ‘जनतेने निवडलेला नगराध्यक्ष’ म्हटले आहे, ते महाराष्ट्रातल्या थेट निवडणुकीच्या सवयीने. गुजरातेत नगरसेवकच आपल्यातून अध्यक्ष निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. त्यामुळे खरी चुरस प्रभागात. एका प्रभागातून चार सदस्य, म्हणून मतदाराला चार मते. त्याहून कमी द्यायची असतील तर शेवटी यंत्रावरचे ‘रजिस्टर’ बटण दाबावे लागते. 2015 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. माझ्या मते या साऱ्या काळातला सर्वांत मोठा बदल हाच. — संपादक