यकृताला घातलेला वळसा

आतड्यांतलं आणि प्लीहेतलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी यकृतात शिरतं, तिथे साफ होतं, मग पुढे. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने 1819 मध्ये ज्या रोगाला सिरोसिस म्हटलं, त्यात यकृत टणक होतं. रक्ताला वाट मिळेना की मागे दाब चढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटली की रोग्याला रक्ताची उलटी होते.

मग रक्ताला दुसरी वाट काढून द्यावी, हे कुणालाही सुचेल. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय एक यांनी (हो, आडनावच ‘एक’) 1877 मध्ये 8 कुत्र्यांची पोर्टल व्हेन खालच्या महाशिरेला जोडली. 7 लवकरच मेले. आठवा अडीच महिने जगला आणि पळून गेला! तेवढ्यावर एकसाहेबांनी माणसावर हे करता येईल असं लिहून टाकलं.

1893 मध्ये त्याच शहरात पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी अशी कुत्री जगवली. मांस खाल्लं की ती झोकांड्या द्यायची, झटके येऊन बेशुद्ध पडायची. यकृत चुकवून गेलेलं रक्त मेंदूला बाधत होतं.

तरी 1945 मध्ये न्यूयॉर्कला व्हिपल आणि ब्लेकमोर यांनी माणसांवर हीच जोडणी सुरू केली. रक्तस्राव थांबायचा, त्यामुळे ती फोफावली. 1960च्या दशकात नीट तुलना झाली तेव्हा दिसलं, की आधीच खबरदारी म्हणून ही शस्त्रक्रिया केलेले रोगी जास्त जगत नाहीत, आणि कित्येकांना भ्रम होतो. आमच्या मते इथे माफी नाही. कुत्र्यांनी हे 50 वर्षं आधी सांगितलं होतं.

चूक कुठे झाली? सगळे तुंबलेल्या नळाकडे बघत राहिले. सिरोसिसमध्ये आतड्यांकडच्या धमन्या सैलावतात, म्हणजे मागून येणारं रक्तच वाढतं. अंगभर धमन्या सैल, म्हणून हृदय जोरात पळतं. मूत्रपिंडाला मात्र रक्त कमी पडल्यासारखं वाटतं, ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि जलोदर वाढतो.

1981 मध्ये पॅरिसजवळच्या लेब्रेक यांनी आधी रक्तस्राव झालेल्या 74 रोग्यांवर हृदयाचं जुनं औषध, प्रोप्रॅनोलॉल, तपासलं. औषध घेणाऱ्यांपैकी 96 टक्के वर्षभर रक्तस्रावाविना राहिले, लटकी गोळी घेणाऱ्यांपैकी 50. पुढच्या चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, पण औषध टिकलं. मात्रा ठरवायला पोट उघडावं लागलं नाही. नाडी मोजायची, आणि ती पाव हिश्श्याने उतरेपर्यंत गोळी वाढवायची.