लेझीम

लेझीम : चकत्या ओवलेल्या लोखंडी साखळीचे, धनुष्याच्या आकाराचे हातवाद्य आणि ते वाजवत अनेकांनी मिळून खेळायचा महाराष्ट्रातील व्यायामखेळ. तालमीत ती मेहनतीचे साधन असते, शाळेच्या मैदानावर कवायत असते आणि जत्रेत किंवा मिरवणुकीत खेळ असते. वाद्य आणि खेळणाऱ्याची हालचाल यांत येथे अंतर नाही. हात, कंबर आणि पाय ज्या क्षणी ठरलेल्या जागी पोचतात त्याच क्षणी आवाज होतो. लेझमीला स्वर नाही, तिचा एकच आवाज असतो. त्यामुळे संगीत न शिकलेला माणूसही ताफ्यात उभा राहू शकतो. त्याला सांभाळावी लागते ती फक्त वेळ.

रचना

आजच्या प्रचलित लेझमीत सुमारे दीड फूट लांबीचा लाकडी दांडा असतो. त्याच्या दोन टोकांना लोखंडी साखळी जोडलेली असते आणि साखळीच्या मध्यावर धरायला मूठ असते. मुठीच्या दोन्ही बाजूंना साखळीत पातळ, गोल चकत्या सैलसर ओवलेल्या असतात. डाव्या हातात दांडा आणि उजव्या हातात मूठ धरून दोन्ही हात लांब केले की लेझीम उघडते. जवळ आणले की मिटते. उघडताना साखळी ताणली जाते, चकत्या एकमेकींवर आपटतात आणि ‘छन्’ असा तुटक आवाज येतो. मिटताना त्याहून दबका आवाज होतो.

हा आवाज हात हलायला लागताना होत नाही. हात झटका देऊन थांबतो तेव्हा होतो. त्यामुळे पन्नास जणांच्या रांगेत एखाद्याचा हात किंचित उशिरा थांबला तरी ते लगेच ऐकू येते. नवखा खेळाडू साखळी सतत हलवत राहतो आणि त्याची लेझीम नुसती खुळखुळते. सराव झालेला खेळाडू दोन झटक्यांच्या मध्ये साखळी गप्प ठेवतो. शिकवणारे म्हणूनच आधी थांबायला शिकवतात, वेग नंतर येतो.

तालमीतली जुनी लेझीम याहून बरीच जड होती. तिला बांबूचा किंवा लोखंडाचा मोठा धनुष्याकार दांडा आणि जाड कड्यांची साखळी असे. ती एकट्याने, दंड-खांद्याच्या मेहनतीसाठी फिरवली जाई. सांघिक खेळासाठी दांडा आखूड आणि साखळी हलकी झाली, तेव्हाच लहान मुलांच्या आणि मुलींच्या हातीही ती सहज आली.

इतिहास

लेझमीचे मूळ धनुर्विद्येच्या सरावात आहे. फार्सीत हे नाव साखळीची दोरी लावलेल्या सरावाच्या धनुष्याला होते. तिरंदाजाला दोरी ओढण्याचे बळ कमवावे लागे; त्यासाठी बाण न लावता जड साखळी ओढत राहणे हा व्यायाम होता. इराणमधील ‘जूरखाना’ या पारंपरिक आखाड्यांत आजही ‘कब्बादे’ नावाचे लोखंडी धनुष्य वापरतात. त्याच्या साखळीत चकत्या असतात आणि ते डोक्यावर धरून डावी-उजवीकडे झुलवले जाते. तेथे एक गाणारा माणूस ढोल आणि घंटेच्या तालावर व्यायाम चालवतो. एकट्याची मेहनतसुद्धा तालावर करण्याची ही रीत महाराष्ट्रातील लेझमीशी जवळचे नाते सांगते.

दख्खनमध्ये ही मेहनत आखाड्यांत रुजली आणि पुढे रांगेने व रिंगणाने खेळण्याचा प्रकार झाली. १८९३ नंतर गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. मेळे आणि मिरवणुकांमुळे तालमीतल्या खेळांना रस्त्यावर जागा मिळाली. लाठी-बोथाटीसोबत लेझीमही लोकांपुढे आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी व्यायामप्रकारांना शिस्तबद्ध रूप देण्याचे काम व्यायामसंस्थांनी केले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली स्थापन झाले. अशा संस्थांच्या प्रशिक्षणातून तयार झालेले शिक्षक शाळांत गेले आणि लेझीम शारीरिक शिक्षणाच्या तासाला आली.

१९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई खेळांच्या उद्घाटन समारंभात महाराष्ट्राची लेझीम सादर झाली आणि राज्याबाहेरच्या प्रेक्षकांनी ती मोठ्या प्रमाणावर पाहिली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगली शिक्षण संस्थेने सांगलीत ७,३३८ जणांची लेझीम एकाच वेळी खेळवली; तिची नोंद गिनीज बुकात झाली.

खेळण्याची पद्धत

ताफा साधारणपणे दोन किंवा चार रांगांत उभा राहतो, नाहीतर रिंगण धरतो. शिट्टी किंवा तोंडी हुकूम देणारा एक म्होरक्या असतो. शालेय पद्धतीत हुकूम बहुधा हिंदी वळणाचे आहेत : ‘होशियार’ म्हटले की तयार उभे राहायचे, ‘लेझीम स्कंध’ म्हटले की लेझीम खांद्यावर घ्यायची. पहिला धडा ‘चार आवाज’ हा असतो. चार मोजण्यांत लेझीम वर-खाली नेत उघडायची आणि मिटायची, प्रत्येक मोजणीला एक आवाज. हा चौकडा अंगात भिनला की त्यावर ‘एक जगह’, ‘आदी लगाव’, ‘दो रुख’, ‘पवित्रा’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ असे प्रकार चढवतात. त्यांत पाऊल पुढे-मागे पडते, अंग दोन्ही दिशांना वळते, बैठक किंवा उडी येते. हातांची चार मोजण्यांची चाल मात्र तीच राहते.

गावाकडच्या पद्धतीत मोजणी तोंडाने होत नाही, हलगी करते. खेळणारे तिचा ठेका ऐकून डाव बदलतात. सुरुवात संथ असते. मग लय दुगणीकडे जाते, बैठका खोल होतात, रांगा एकमेकींतून आरपार निघतात आणि शेवटी एका जोरदार झटक्यावर सगळे थांबतात. शाळांत ‘हिंदी लेझीम’ आणि ‘घाटी लेझीम’ असे भेद सांगितले जातात. पहिलीत हुकुमांची कवायत प्रधान असते. दुसरीत ढोल-हलगीच्या साथीने लोकनृत्याची ढब येते.

व्यायाम म्हणून पाहता लेझमीत खांदे, दंड, कंबर, मांड्या आणि पोटऱ्या यांना एकाच वेळी काम पडते. दहा मिनिटांच्या जलद खेळाने चांगलाच दम लागतो. तरी खेळणारा मध्येच थांबत नाही, कारण शेजारचा थांबलेला नसतो.

साथीची वाद्ये

हलगी हे लेझमीचे मुख्य साथवाद्य. गोल, अरुंद कड्यावर ताणून बसवलेले कातडे आणि ते वाजवायला दोन काड्या, एवढीच तिची सामग्री. दमट हवेत कातडे सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी आणि मध्येमध्ये ते जाळावर शेकून घेतात. पश्चिम महाराष्ट्रात हलगीच्या जोडीला घुमकं असते. त्याचा घुमारा हलगीच्या कडक आवाजाखाली भर घालतो. काही ठिकाणी सनई किंवा झांज, तर शहरी मिरवणुकांत ढोल आणि ताशा असतो. हलगी वाजवण्याची कला गावोगाव दलित कलावंतांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. लेझमीच्या वर्णनांत खेळणाऱ्यांचे कौतुक जास्त येते, पण डाव कधी बदलायचा आणि लय किती चढवायची हे प्रत्यक्षात हलगीवाला ठरवतो.

बारामती–इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा भाग. इंदापूर तालुक्यात डाळज नावाची क्रमांक एक, दोन आणि तीन अशी तीन गावे आहेत. ती भिगवण–पळसदेव पट्ट्यात, पुणे–सोलापूर महामार्ग आणि उजनी धरणाचा फुगवटा यांच्या परिसरात वसलेली आहेत. या गावांत लेझीम दिसते ती प्रामुख्याने यात्रेला, गणपतीला, शिवजयंतीला आणि शाळेच्या प्रजासत्ताक दिनाच्या किंवा स्वातंत्र्य दिनाच्या फेरीत. शाळेत शिकलेले ‘चार आवाज’ पुढे यात्रेच्या ताफ्यात कामी येतात. म्हणून एकाच रांगेत शाळकरी पोर आणि पन्नाशीचा गडी शेजारी-शेजारी खेळू शकतात.

मिळून वाजवण्याचे आणखी दोन प्रकार याच भागात आहेत. एक धनगर समाजाचे गजी नृत्य : मोठ्या ढोलांच्या तालावर, हातात रुमाल घेऊन, रिंगण धरून संथ पावलांनी ते नाचले जाते. दुसरा वारकऱ्यांचा. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे आणि बेलवाडीला अश्वाचे रिंगण होते. दिंडीतला वारकरी टाळ वाजवत पावली खेळतो. त्याचा हात आणि पाय मृदंगाच्या बोलावर चालतात. गजी नृत्यात नाचणारे आणि वाजवणारे वेगळे असतात. पावलीत आणि लेझमीत नाचणारा प्रत्येकजण वाजवतोही. टाळकऱ्याच्या तोंडी अभंग असतो, लेझीम खेळणाऱ्याच्या तोंडी मात्र काही नसते.

व्हिडिओ गेममधील समांतर प्रयोग

लेझमीप्रमाणेच अंगाच्या हालचालीतून, स्वरांची चिंता न करता, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाजवावे ही कल्पना जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी म्युझिक’ या व्हिडिओ गेममध्ये वापरली. शिगेरू मियामोतो यांची निर्मिती आणि काझुमी तोताका यांचे दिग्दर्शन असलेला हा गेम ऑक्टोबर २००८ मध्ये जपान आणि उत्तर अमेरिकेत आला. यात हातातला रिमोट हलवून साठाहून अधिक वाद्ये ‘वाजवता’ येतात. त्यांत पियानो, व्हायोलिन, सॅक्सोफोन यांच्याबरोबर सतारही आहे. रिमोट ढोलाच्या काडीसारखा आपटला की ढोल वाजतो. वजन ओळखणाऱ्या पाटावर पाय दाबून ड्रमचे पायटेही चालवता येतात. चौघेजण एका वेळी खेळू शकतात.

त्या काळातले गाजलेले संगीत-गेम ‘गिटार हीरो’ आणि ‘रॉक बँड’ पडद्यावरच्या खुणा गाठल्या की गुण देत आणि चुकल्या की कापत. ‘वी म्युझिक’च्या मुख्य वादनप्रकारात असे गुण नाहीत. कुठला स्वर वाजावा हे बहुतांशी यंत्र सांभाळते. तो कधी वाजावा हे खेळणाऱ्याकडे राहते. सादरीकरण संपले की खेळणाऱ्यांनी आपल्याला आपणच गुण द्यायचे. समीक्षकांची मते यावर दुभंगली. जिंकण्या-हरण्याशिवाय खेळात गोडी कशी, असे अनेकांनी विचारले; लहान मुलांना नेमके हेच आवडेल, असे काहींनी म्हटले.

लेझमीने हीच विभागणी बऱ्याच आधी केलेली आहे : स्वर खेळणाऱ्याच्या माथी नाही, वेळ मात्र पूर्ण त्याची. फरक आहे तो चुकीचे काय होते यात. गेममध्ये हात अवेळी हलला तरी यंत्र सुसंगत स्वर शोधून चूक झाकते. लेझमीत चूक उघडी पडते, पण रांगेच्या आवाजात ती पुढच्या मोजणीला दुरुस्तही करता येते, कारण चौकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असतो.

वाद

लेझमीला नाच म्हणायचे की मर्दानी खेळ, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये चव्हाट्यावर आला. ‘छावा’ या हिंदी चित्रपटाच्या झलकीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. राजाला नाचताना दाखवल्याचा आक्षेप काही संघटनांनी आणि नेत्यांनी घेतला. लेझीम हा मराठी मातीतला खेळ आहे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळण्याचे जाहीर केले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. एकच हालचाल आखाड्यात मेहनत आणि रंगमंचावर नृत्य ठरते, हे या वादाच्या मुळाशी होते.

सद्यस्थिती

शालेय आणि आंतरशालेय स्पर्धांत लेझीम पथकांचे मूल्यमापन आवाजाची एकजूट, रांगांची आखणी, डावांची विविधता आणि गणवेश यांवर केले जाते. शहरांत ढोल-ताशा पथकांचा पसारा वाढला तशी लेझीम मिरवणुकीत बरेचदा त्यांच्या पुढे, रस्ता उघडणारी रांग म्हणून चालते. परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांतही ती खेळली जाते : वाद्य स्वस्त आणि हलके असते, ते शिकायला थोड्या तालमी पुरतात आणि मराठी न येणारी दुसऱ्या पिढीची मुलेही मोजणीवर उभी राहू शकतात. नव्या खेळाडूला शिकवण्याची रीत सगळीकडे तीच आहे : त्याला दोन जुन्या खेळाडूंच्या मध्ये उभे करायचे, पहिले काही दिवस फक्त ‘चार आवाज’ करून घ्यायचे आणि त्याचा झटका शेजाऱ्यांच्या झटक्यात मिसळला, वेगळा ऐकू येईनासा झाला, की पुढचा डाव द्यायचा.