पी-ग्लायकोप्रोटीन (रक्त-मेंदू अडसर)

मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींमधले वाहक प्रथिन. या पेशी क्लॉडिन-५ सारख्या प्रथिनांनी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने बहुतेक औषधांना फटीतून वाट नसते, पेशीतूनच जावे लागते. स्निग्धात विरघळणारे रेणू आत शिरतातही. पण पी-ग्लायकोप्रोटीन एटीपी खर्चून त्यांतल्या अनेकांना परत रक्तात ढकलते. जुलियानो व लिंग यांनी ते १९७६ मध्ये ओळखले, तेही मेंदूत नव्हे, तर औषधांना दाद न देणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींत.

इचलकरंजीत रात्रपाळीला यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराने सर्दीवर क्लोरफेनिरामाइन घेतले, तर पापण्या जड होतात. धावत्या धोट्याशेजारी हे परवडत नाही. फेक्सोफेनाडीनने सहसा झोप येत नाही, कारण हे प्रथिन त्याला मेंदूत टिकू देत नाही. जुलाबावरचे लोपेरामाइड अफूवर्गीय असूनही नेहमीच्या मात्रेत गुंगी आणत नाही, त्यामागेही हेच.

मात्र हा राखणदार औषध आणि विष यांत भेद करत नाही. कर्करोगावरची कित्येक औषधे त्यामुळे मेंदूतल्या गाठीपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. कंपवातातील लेव्होडोपाची गोष्ट निराळी : अमिनो आम्लांची ने-आण करणारे दुसरेच प्रथिन त्याला आत घेते.