एका भूखंडावर एकच घर

शहरांच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज मी एका नियमाची गोष्ट सांगणार आहे. नियम ऐकायला अगदी साधा आहे: एका भूखंडावर एकच घर, आणि त्या घरात एकच कुटुंब. इंग्रजीत याला ‘सिंगल-फॅमिली झोनिंग’ म्हणतात. पुण्यात प्रभात रोडला किंवा नागपुरात धरमपेठेत राहिलेल्यांना हा नियम परका वाटेल, कारण बंगला पाडून अपार्टमेंट उभी करणं हा तिथे नेहमीचा व्यवहार आहे. पण जगात अशी शहरं आहेत जिथे रहिवासी या एका नियमासाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढले. त्यातलं एक आपल्याच देशात आहे, चंदीगड.

१० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. खंडपीठ होतं न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं. गवईसाहेब आपल्या अमरावतीचे, पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. निकालाचा सारांश असा की चंदीगडच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या, एका कुटुंबासाठी बांधलेल्या कोठ्यांचे मजल्यामजल्याने फ्लॅट करू नयेत. ही मागणी घेऊन कोर्टात गेली होती रहिवाशांची संघटना. ते बरोबर होते की चूक, हे ठरवायची घाई नको. आधी हा नियम आला कुठून ते पाहू.

त्यासाठी शंभर वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली शहरं झपाट्याने वाढत होती. घराशेजारी कारखाना, कारखान्याशेजारी खाटीकखाना अशी अवस्था. लोकांना वाटलं, प्रत्येक गोष्टीला शहरात तिची जागा ठरवून द्यावी. मागणी रास्तच होती. पण याच काळात दुसरंही काही चाललं होतं. १९१० साली बाल्टिमोर शहराने कायदाच केला की गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांनी आणि काळ्यांच्या वस्तीत गोऱ्यांनी राहायला जायचं नाही. इतर शहरांनी त्याची नक्कल केली. लुइव्हिल शहराचा असा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१७ मध्ये रद्द झाला.

वंशाचं नाव घेऊन वस्त्या वेगळ्या करायला आता कायद्याची बंदी आली. पण घराचा प्रकार सांगून वस्ती वेगळी करायला कोणाचीच हरकत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९१६ मध्येच तशी सोय केली होती. काही भाग फक्त एका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवला. त्यात पुढाकार होता डंकन मॅकडफी या जमीन विकासकाचा. त्याच्या वसाहतींतल्या खरेदीखतांमध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना घर देण्यास मनाई होती. म्हणजे खरेदीखतात जे उघड लिहिलं होतं, तेच बरंचसं काम नगरपालिकेचा नियम वंशाचं नावही न घेता करणार होता. स्वतंत्र घर घेण्याची ऐपत कोणाची आहे आणि कोणाची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आला या इतिहासातला सर्वांत गाजलेला खटला. ओहायो राज्यात क्लीव्हलँडच्या शेजारी युक्लिड नावाचं छोटं गाव होतं. गावाने जमिनीचे विभाग पाडले. अँबलर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती. नियमामुळे आमच्या जमिनीची किंमत पडली, म्हणून कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी गावाचा नियम रद्द केला, आणि स्पष्ट नोंदवलं की अशा नियमाचा परिणाम शेवटी लोकांना उत्पन्नानुसार वेगळं करण्यात होतो. पण १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड यांनी अपार्टमेंटसाठी जो शब्द वापरला, त्याला मराठीत चपखल प्रतिशब्द आहे: बांडगूळ. बंगल्यांनी तयार केलेल्या मोकळ्या हवेवर आणि उजेडावर जगणारं बांडगूळ. कारखान्याला घरांपासून दूर ठेवायला निघालेला कायदा आता एका घराला दुसऱ्या घरापासून दूर ठेवू लागला.

पुढे हा नियम अमेरिकाभर पसरला. मिनीआपोलिससारख्या शहरात निवासी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन अशा एकाच कुटुंबाच्या घरांसाठी राखीव झाली. कोणी चार घरांची लहानशी इमारत बांधायचं म्हटलं, की सुनावणीला शेजारी जमत. त्यांची कारणं ठरलेली असत: रहदारी वाढेल, शाळेत गर्दी होईल, वस्तीचं रूप बिघडेल. यातली बरीच काळजी खरी असते, हे मी मान्य करतो. पण सुनावणीला येतात ते आज तिथे राहणारे. उद्या त्या इमारतीत जे राहायला आले असते, ते त्या सभागृहात नसतात. त्यांचं तोपर्यंत नावही कोणाला माहीत नसतं.

शंभर वर्षांनी वारं फिरलं. मिनीआपोलिसने २०१८ मध्ये हा नियम सोडायचा निर्णय घेतला, ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये. त्याच वर्षी बर्कलीच्या नगर परिषदेनेही हा नियम संपवण्याचा ठराव केला. जिथे नियम जन्माला आला, तिथेच. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडमध्ये तशाच प्रकारच्या नियमाला बळ दिलं. हा विरोधाभास समजून घ्यायला आता चंदीगडला जाऊ.

चंदीगड म्हटलं की ल कॉर्बुझिए हे नाव येतं. पण शहराचा पहिला आराखडा त्यांचा नव्हता. तो होता अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकाराचा. शाळा, दुकानं, बाग पायी जाण्याच्या अंतरावर असलेला ‘शेजार’ हा शहराचा घटक मानावा, ही अमेरिकेत रुजलेली कल्पना त्यांनी आणली. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले आणि काम कॉर्बुझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांच्याकडे आलं. शेजाराची कल्पना मात्र टिकली. तिचंच पुढे ८०० मीटर बाय १२०० मीटरचा सेक्टर असं रूप झालं.

शहराची कल्पना होती पाच लाख लोकांची: पहिल्या टप्प्यात दीड लाख, दुसऱ्या टप्प्यात साडेतीन लाख. पहिला टप्पा मुद्दाम विरळ ठेवला होता, उत्तरेला डोंगर दिसत राहावेत, झाडी राहावी म्हणून. भूखंडाचे तुकडे करता येणार नाहीत, असं १९६० च्या नियमांत लिहिलं गेलं. २००१ मध्ये प्रशासनाने अपार्टमेंटचे नियम आणून ही वाट मोकळी केली. रहिवाशांनी ओरड केली आणि २००७ मध्ये ते नियम मागे घेतले गेले.

नियम गेले, पण जागेची मागणी कुठे जाणार? मग एक पळवाट निघाली. तीन अनोळखी माणसं मिळून एक कोठी विकत घेत. कागदावर प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, काही टक्के. आपसात वेगळा करार, की तळमजला तुझा, पहिला माझा, दुसरा त्याचा. कागदावर घर एकच, प्रत्यक्षात तीन फ्लॅट. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की हिस्सा विकणं म्हणजे भूखंडाचे तुकडे करणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. पाणी, मैला, गाड्या यांचा भार न मोजता गुपचूप वस्ती दाट करता येणार नाही, दाट करायचीच असेल तर आधी वारसा समितीने विचार करावा, असं सांगितलं. निकालात बंगळुरूच्या दशेचा दाखलाही दिला.

मला या निकालातला एक भाग पटतो. पळवाटेने झालेली दाटी ही वाईट दाटी असते. तिच्यात नळाचा व्यास वाढत नाही, फक्त माणसं वाढतात. शिवाय चंदीगडच्या नियमामागे बर्कलीसारखा वंशभेद नव्हता. आखलेलं शहर ही देशाची ठेव आहे, हा युक्तिवाद पोकळ नाही.

पण या शहराच्या इतिहासाचा दुसरा अर्धा भागही पाहायला हवा. २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या होती १०,५५,४५०. म्हणजे कल्पनेच्या दुप्पट. पहिल्या टप्प्याने दार लावून घेतल्यावर हे लोक राहिले कुठे? काही दक्षिणेच्या सेक्टरांत. काही बुडैलमध्ये, जे मूळचं गाव आज सेक्टर ४५ च्या पोटात आहे आणि जिथे अरुंद गल्ल्यांत मजल्यावर मजले चढले आहेत. काही झोपडवस्त्यांत, ज्यांतली कॉलनी नंबर ४ ही १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, पाडली गेली. शहराभोवती शेती राहावी म्हणून १९५२ मध्ये खास कायदा केला होता. त्याच पट्ट्यात मोहाली, पंचकुला उभी राहिली, आणि आता झिरकपूरचे उंच टॉवर. म्हणजे मधल्या सेक्टरांतली झाडी वाचली आणि तिचा हिशोब कडेच्या शेतजमिनीने चुकता केला.

निकालाचा एक परिणाम तर घराच्या आतच पोहोचला. त्यानंतर प्रशासनाने कुटुंबाबाहेरच्या माणसाला कोठीतला हिस्सा विकण्यावर बंदी घातली. आता विचार करा, वडिलांच्या कोठीत दोन भाऊ आणि एक बहीण यांचा वाटा आहे. बहीण दुसऱ्या शहरात राहते, तिला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत. तिचा हिस्सा घेणार फक्त भाऊ, आणि तेही त्यांना जमेल तेव्हा, ते म्हणतील त्या भावाला. वस्तीचं रूप राखण्याची किंमत इथे तिच्या पदरात पडते, आणि तीही त्या खटल्यात कुठेच नव्हती.

रेल्वेच्या जनरल डब्यात धक्के खात शिरलेला माणूसच पुढच्या स्टेशनवर दारात उभा राहून “जागा नाही” म्हणतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो खोटं बोलत नसतो. डब्यात खरंच गर्दी असते. पण फलाटावरचा माणूस त्यामुळे घरी परत जात नाही, तो दुसऱ्या डब्याच्या दाराला लटकतो.

युक्लिडपासून चंदीगडपर्यंतचा इतिहास मला हेच सांगतो. नियम माणसांचं शहरात येणं थांबवत नाही, ती कुठे राहतील एवढंच ठरवतो. म्हणून वस्ती वाचवण्याची मागणी जिथे होईल, तिथे तिच्यासोबत दुसरी मागणीही यायला हवी: येणाऱ्यांसाठी जागा, नळ आणि बस कुठे, ते आराखड्यात दाखवा. चंदीगडमध्ये हा विचार वारसा समितीवर सोपवला आहे. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा किंवा बडोद्याला, तुमच्या वस्तीत असा वाद निघाला तर सभेला जरूर जा. तुमची अडचण मांडा. आणि जे त्या खोलीत नाहीत त्यांच्या वतीने एकदा विचारा, की मग ते कुठे राहणार?

आज इथेच थांबतो.