डिपार्टमेंट स्टोअरमधील गृहोपयोगी वस्तूंचा विभाग आणि स्त्रियांचे विक्रीकौशल्य : अमेरिकेतील एक ऐतिहासिक मागोवा (१८५८ ते १९५८)

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरभराटीस आलेल्या डिपार्टमेंट स्टोअर या संस्थेचा विचार सामान्यतः वस्त्रप्रावरणे, फॅशन आणि भव्य इमारती यांच्या अनुषंगाने केला जातो. ताटे, पातेली, काचेचे वाडगे व डबे विकणारा गृहोपयोगी वस्तूंचा विभाग त्या मानाने दुर्लक्षित राहतो. वास्तविक, नवी वस्तू केवळ मांडून ठेवल्याने विकली जात नाही, ती वापरून दाखवावी लागते, हा धडा व्यापाऱ्यांना ज्या विभागांनी दिला त्यांत हा विभाग अग्रभागी होता. वापरून दाखविण्याचे हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले. या कौशल्यातून जी संपत्ती निर्माण झाली तिच्या मालकीत त्यांना कितपत स्थान मिळाले, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कचे मेसीज स्टोअर, पायरेक्सची काचभांडी आणि टप्परवेअरचे डबे यांच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मेसीजचे तळघर :

रोलंड हसी मेसी यांनी २८ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर कापड व शिवणसामानाचे दुकान उघडले. पहिल्या दिवसाची विक्री अवघी ११ डॉलर ६ सेंट होती. १८६० मध्ये नॅन्टकेट बेटावरील मार्गारेट गेचेल ही तरुणी तेथे रोखपाल म्हणून रुजू झाली. ती मेसींच्या दूरच्या नात्यातील होती व पूर्वी शिक्षिकेचे काम करीत असे. हिशेबातील तत्परता आणि ग्राहकांची नेमकी जाण यांच्या बळावर त्याच दशकाच्या उत्तरार्धात ती संपूर्ण दुकानाची व्यवस्थापक झाली. स्त्रीने इतक्या मोठ्या दुकानाचा कारभार पाहणे त्या काळात अपवादात्मकच होते. तिच्या कारकिर्दीत कापडाच्या जोडीला घरसामान, खेळणी, चांदीच्या वस्तू असे नवे माल येत गेले व दुकानाचे रूप पालटले.

१८६९ मध्ये मार्गारेट यांचा विवाह त्याच दुकानातील अबिएल लाफोर्ज यांच्याशी झाला आणि १८७२ मध्ये लाफोर्ज हे मेसींचे भागीदार बनले. भागीदारीच्या करारात मार्गारेट यांचे नाव नव्हते. १८८० मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या.

याच दुकानातील दुसरी घटना या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. जर्मनीतून स्थलांतरित होऊन आधी जॉर्जिया राज्यात स्थिरावलेल्या लाझारस स्ट्रॉस यांच्या कुटुंबाने यादवी युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा घाऊक व्यापार सुरू केला होता. १८७४ मध्ये या पेढीने मेसीजच्या तळघरात भाड्याने जागा घेऊन चिनी माती व काचसामान यांचा विभाग थाटला. माल स्ट्रॉस यांचा, छप्पर मेसीजचे, अशी ही व्यवस्था होती. भांडी वजनदार व ठिसूळ असतात. ती पेंढ्यात बांधून येतात, सोडविताना कचरा होतो आणि साठवणीस जागा फार लागते. वरच्या मजल्यांवर रेशीम व लेस विकणाऱ्या दुकानदाराला तळघर त्यासाठी सोयीचे वाटणे स्वाभाविक होते. तथापि, या अडगळीच्या मानल्या गेलेल्या जागेतूनच दुकानाला मोठी कमाई होऊ लागली. १८८८ मध्ये इसिडोर व नाथन हे स्ट्रॉस बंधू मेसीजचे भागीदार झाले आणि १८९६ मध्ये संपूर्ण स्टोअर त्यांच्या मालकीचे झाले. (१९१२ मध्ये टायटॅनिक जहाजावर पत्नी आयडा यांच्यासह मृत्यू पावलेले इसिडोर स्ट्रॉस ते हेच.)

स्ट्रॉस बंधूंची व्यापारी दृष्टी निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या व मार्गारेट गेचेल यांच्या भवितव्यातील अंतर केवळ गुणवत्तेने स्पष्ट होत नाही. स्ट्रॉस यांच्याकडे स्वतःचा माल, भांडवल आणि करार होता, तर मार्गारेट यांच्याकडे पगार व कौशल्य होते. दुकानाच्या हिशेबवहीत भांडवलाची नोंद होते, कौशल्याची होत नाही.

प्रात्यक्षिकाची गरज :

विसाव्या शतकात ॲल्युमिनियम, उष्णतारोधक काच आणि प्लास्टिक यांनी या विभागाचे स्वरूप बदलून टाकले. चिनी मातीची बशी काय कामाची हे कोणाला सांगावे लागत नव्हते. काचेचे भांडे भट्टीत ठेवा असे सांगितल्यावर मात्र गृहिणी साशंक होणारच. पायरेक्सचा उगमही एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातील आहे. कॉर्निंग कंपनीतील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी १९१३ मध्ये बॅटरीच्या काचपात्राचा कापून आणलेला तळ वापरून त्यात केक भाजला. त्यानंतर १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आले आणि बोस्टनच्या जॉर्डन मार्श या डिपार्टमेंट स्टोअरने त्याची पहिली मागणी नोंदविली. १९२९ मध्ये कॉर्निंगने ल्युसी मॉल्टबी या गृहविज्ञानाच्या शिक्षिकेची नेमणूक केली. भांड्याचा आकार, त्याची मूठ आणि ते घरच्या भट्टीत मावते की नाही, याची तपासणी त्यांच्या प्रयोगशाळेत होऊ लागली.

दुकानांत वस्तू वापरून दाखविणाऱ्या ज्या स्त्रिया उभ्या असत त्यांपैकी अनेकींचा पगार स्टोअर नव्हे, तर उत्पादक देत असे. साहजिकच ही सवलत बड्या स्टोअर्सना सहज मिळे, लहान दुकानदारांना मिळत नसे. १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने अशा सेवा सर्व स्पर्धक दुकानदारांना प्रमाणशीर अटींवर देणे बंधनकारक केले. प्रात्यक्षिकाला किती व्यापारी मोल होते याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

शेल्फवरून दिवाणखान्यात :

अर्ल टप्पर यांचे पॉलिथिलीनचे वाडगे १९४६ च्या सुमारास स्टोअर्समध्ये आले. वस्तू हलकी व न फुटणारी होती, झाकणही घट्ट बसत असे. नियतकालिकांनी तिच्या घडणीचे कौतुक केले, तरीही ती शेल्फवर पडून राहिली. अडचण झाकणाची होती. ते लावताना मध्यभागी दाबून कडेने किंचित हवा बाहेर सोडावी लागते. हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाला झाकण सदोष वाटे. शेल्फ मुका असतो, आणि विक्रेत्यालाही ही युक्ती बहुधा माहीत नसे.

घरोघरी जमलेल्या मैत्रिणींसमोर तीच वस्तू मात्र झपाट्याने खपत होती. फ्लोरिडातील ब्राउनी वाइज या घटस्फोटित व एका मुलाचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीने हे तंत्र विकसित केले. द्रवाने भरलेला बंद वाडगा त्या खोलीत सरळ फेकत, आणि थेंबही सांडत नसे. यजमान स्त्रीला भेटवस्तू, विक्री करणारीला कमिशन आणि पाहुण्यांना मनोरंजन अशी ही रचना होती. महाराष्ट्रातील वाचकाला येथे जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात दारोदार भांडी देणारी बोहारीण आठवेल. विक्रेती व गिऱ्हाईक दोघी स्त्रिया, आणि सौदा घराच्या उंबऱ्यावर, एवढे साम्य त्यात निश्चितच आहे. १९५१ मध्ये टप्पर यांनी वाइज यांना गृहविक्री कंपनीचे उपाध्यक्षपद दिले व आपला माल स्टोअर्समधून पूर्णपणे काढून घेतला. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वाइज यांचे छायाचित्र आले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत.

जानेवारी १९५८ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कंपनीचा एकही समभाग त्यांच्या नावे नव्हता. सुमारे एक वर्षाच्या पगाराइतकी रक्कम त्यांना मिळाली. त्याच वर्षी टप्पर यांनी कंपनी रेक्सॉल या औषधविक्री कंपनीला विकली. त्यांनी घडविलेली विक्रीपद्धती मात्र पुढे अनेक देशांत गेली. भारतात ती १९९६ मध्ये आली व येथेही तिची भिस्त घरोघरच्या स्त्रियांवरच राहिली. २०२२ मध्ये हे डबे अमेरिकेतील टार्गेट या साखळी दुकानांच्या शेल्फवर परत गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. ब्राउनी वाइज १९९२ मध्ये निवर्तल्या. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात जतन करण्यात आली आहेत.